ओरांगउटान सांभाळणारे हात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांची सहल म्हैसूरला गेली की प्राणिसंग्रहालय ठरलेलेच. तिथे २०२१ मध्ये ओरांगउटान, म्हणजे बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरचे मोठे वानर, आले, एक जोडी सिंगापूरहून आणि एक मलेशियाहून. त्याआधी काही काळ भारतात एकही ओरांगउटान उरला नव्हता. बिन्नी नावाची शेवटची मादी २०१९ मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात वारली, वयाच्या ४१ व्या वर्षी. ती तिथे गेली होती पुण्याहून, २००३ मध्ये.

या प्राण्याचा सांभाळ अवघड का, याचे उत्तर त्याच्या बालपणात आहे. पिल्लू सात-आठ वर्षे आईबरोबर असते. कोणते फळ केव्हा पिकते, कोणती फांदी वजन पेलते, हे सगळे ते तिच्याकडूनच शिकते. मादीही सात-आठ वर्षांतून एकदाच विते. पिल्लू विकण्यासाठी आधी आईला मारतात. त्यामुळे सुटका झालेल्या पिल्लाला नुसते दूध पाजून भागत नाही, त्याला जंगल शिकवावे लागते.

हे काम बोर्निओत सुरू झाले. बेटावरच्या मलेशियाच्या सारावाक राज्यात १९५६ पासून बार्बरा हॅरिसन यांनी जप्त झालेली पिल्ले घरी वाढवली. त्यांच्या मदतीला तिथल्या दायाक या मूळ रहिवासी जमातीतला एक तरुण होता. पिल्लांना झाडांवर नेणे, चढायला लावणे हे काम तो करी. मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच वाटतो. पुढे १९६४ मध्ये शेजारच्या साबाह राज्यात सेपिलोकचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. १९७१ मध्ये संशोधक बिरुटे गाल्डिकास यांनी बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, तांजुंग पुटिंगच्या जंगलात अभ्यास सुरू केला आणि पिल्लांना जंगलात परत सोडण्याचे कामही हाती घेतले. तरी जंगलच तुटत गेले. पामतेलासाठी लावलेले तेलताडाचे मळे, १९९७ चे वणवे, शिकार यांचा एकत्रित फटका बसला. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतले एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. सुमात्रातली तापानुली ही ओरांगउटानची तिसरी प्रजाती २०१७ मध्ये ओळखली गेली, तेव्हाच ती ८०० च्या आत होती. त्या पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आपलाच देश आहे. बेकरीतली खारी आणि फरसाण यांच्यापर्यंत हा धागा येतो.

प्राणिसंग्रहालयातल्या कीपरचे, म्हणजे प्राणी सांभाळणाऱ्याचे, कामही या काळात पालटले. पूर्वी खाणे टाकायचे आणि पिंजरा धुवायचा, एवढेच काम असे. आता फळे नळीत, गाठोड्यात लपवून ठेवतात, म्हणजे प्राण्याला डोके चालवावे लागते. ओरांगउटान रोज संध्याकाळी नवे घरटे बांधतो, म्हणून त्याला पाला, गोणपाट पुरवायचे. जाळीतून दंड पुढे करायला त्याला हळूहळू शिकवायचे, म्हणजे सुई टोचताना बेशुद्ध करावे लागत नाही. आणि स्वतःला सर्दी-पडसे असेल तर जवळही जायचे नाही, कारण आपले आजार त्याला सहज जडतात.

आपल्या बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान नाहीत, पण ते म्हैसूरसारखेच कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाखाली येते. तिथल्या सिंह-वाघांच्या कीपरलाही हीच नजर आणि हाच धीर लागतो. म्हैसूरच्या सहलीला नेणाऱ्या गुरुजी-बाईंना एवढीच विनंती आहे की दहा मिनिटे काढून मुलांची गाठ कीपरशी घालून द्या. काल रात्रीचे घरटे कशाचे होते, हे त्याला विचारू द्या.