सिलिकॉनची चिमूट

6 ऑगस्ट 2012. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे शेव्हरॉनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक पाइप ठिबकू लागला. गळती नेमकी कुठे आहे ते पाहायला वरचं आवरण काढत असतानाच पाइप फाटला. गरम तेलाच्या वाफेच्या ढगात 19 कर्मचारी सापडले. सगळे वाचले, हे नशीबच म्हणायचं. पुढच्या काही आठवड्यांत आसपासच्या सुमारे 15,000 लोकांना डॉक्टर गाठावा लागला.

फाटलेला तुकडा 52 इंच लांबीचा, 1976 सालचा. फुटला त्या भागात त्याच्या भिंतीची जवळपास 90 टक्के जाडी खाल्ली गेली होती. खाणारं पाणी नव्हतं, गंधक होतं.

कच्च्या तेलात गंधकाची संयुगं असतातच. साधारण 230 अंश सेल्सिअसच्या वर ती लोखंडाला भिडू लागतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्यांत आलाच. लोखंडावर आयर्न सल्फाइडचा काळा थर चढतो. (घरातली चांदीची पैंजणं काळी पडतात तीही गंधकानेच, फक्त तिथे भट्टी नसते.)

थर चढला म्हणजे आतला धातू झाकला गेला, असं वाटेल. क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर खरोखरच तसा झाकतो, स्टेनलेस स्टील टिकतं ते त्याच्याच जोरावर. आयर्न सल्फाइडच्या स्फटिकात मात्र लोखंडाच्या कितीतरी जागा रिकाम्याच असतात. त्या जागांतून उड्या मारत आतलं लोखंड बाहेर येतं, गंधकाला मिळतं, आणि थर जाडावत राहतो. झाकण कसलं, चाळणीच ती.

मग निकेल घालावं? उष्णतेत ऑक्सिजनपुढे निकेलच्या मिश्रधातू उत्तम टिकतात. गंधकापुढे मात्र डाव उलटतो. शुद्ध निकेल 1455 अंशांना वितळतं. निकेल आणि त्याचं सल्फाइड एकत्र आले की 640 अंशांच्या आसपासच रस होतो. म्हणून गंधकी वायूंच्या भट्टीत निकेल जास्त आणि क्रोमियम कमी अशी मिश्रधातू वापरणं धोक्याचं. शुद्धीकरण कारखान्यातल्या पाइपांना साधारणपणे 5 किंवा 9 टक्के क्रोमियमचं पोलाद पुरतं.

रिचमंडचा पाइप साध्या पोलादाचा होता, पण साध्यातही डावं-उजवं असतं. वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन काढायला त्यात थोडं सिलिकॉन टाकतात. हेतू वेगळाच, पण हे सिलिकॉन पुढे गंधकालाही आवर घालतं. प्रमाण 0.10 टक्क्याच्या खाली गेलं, की पोलाद भराभर झिजतं. फाटलेल्या तुकड्यात ते 0.01 टक्के होतं. त्याच मार्गावरच्या एका एल्बोत, म्हणजे पाइपाला वळण देणाऱ्या कोपराकृती तुकड्यात, 0.16 टक्के, आणि तो एल्बो बऱ्यापैकी शाबूत होता.

पाइपांची जाडी वेळोवेळी मोजली जात होती. ती मोजायच्या जागा होत्या मुख्यतः एल्बोंवर.