आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ : घटना आणि सदस्यत्व

सार्वभौम राष्ट्रे, शासकीय यंत्रणा, स्वयंसेवी संस्था आणि आदिवासी समूहांच्या संघटना यांनी मिळून चालवलेली निसर्गसंवर्धनाची जागतिक संस्था. आययूसीएन या आद्याक्षरांनीच ती अधिक ओळखली जाते. स्थापना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे; मुख्यालय स्वित्झर्लंडमधील ग्लाँ येथे. १६० हून अधिक देशांतील १,४०० वर संस्था तिच्या सदस्य आहेत. संकटात सापडलेल्या जीवजातींची ‘लाल यादी’ हे तिचे सर्वांत परिचित काम. तिची घटना मात्र फारशी कुणी उघडून पाहत नाही. मत देण्याचा हक्क कोणाला आणि यादीत काय लिहायचे ते ठरवण्याचा अधिकार कोणाला, याची उत्तरे त्या घटनेत दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. त्यांची गल्लत झाली की संघाचा कारभार समजत नाही, आणि ही गल्लत सर्रास होते.

सोलापूरकरांना हे नाव ठाऊक झाले ते माळढोकामुळे. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला नान्नज आहे. तिथल्या माळावर माळढोक आहेत हे १९७० च्या दशकात सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी उजेडात आणले. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी इथे राहून या पक्ष्याचा अभ्यास केला. २०११ मध्ये लाल यादीत माळढोक ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात गेला. तेव्हापासून माळढोकाच्या बातमीला आययूसीएनचा उल्लेख चिकटलेलाच असतो. अलीकडे नान्नजला एखाददुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते.

संघाच्या जन्मामागे युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्युलियन हक्सली यांचा पुढाकार होता. फाँतेनब्लोच्या सभेत १८ देशांची सरकारे, ७ आंतरराष्ट्रीय संस्था आणि निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या १०७ राष्ट्रीय संस्था सहभागी झाल्या. मूळ नावात ‘संवर्धन’ नव्हते, ‘रक्षण’ होते. १९५६ मध्ये ते बदलले. बिऱ्हाड आधी ब्रसेल्सला होते, १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोर्झला आणि १९८० मध्ये ग्लाँला गेले. १९६१ मध्येच पैसा उभा करण्यासाठी वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड ही वेगळी संस्था निघाली. पांडाचे चिन्ह तिचे आहे, संघाचे नव्हे.

संघ ही संयुक्त राष्ट्रांची शाखा नाही. स्विस दिवाणी संहितेच्या कलम ६० खाली नोंदलेली ती एक असोसिएशन आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सरकारे इथे एका खासगी संस्थेची सभासद होतात. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिला निरीक्षकाचा दर्जा दिला. राष्ट्र आणि स्वयंसेवी संस्था एकाच सभागृहात, दोघांनाही मताचा हक्क, हा प्रकार आंतरराष्ट्रीय व्यवहारात दुर्मीळ आहे. बाकीच्या नियमांतली गुंतागुंत यातूनच आलेली दिसते.

घटनेने सदस्यांचे चार वर्ग पाडले आहेत. ‘अ’ वर्गात राष्ट्रे आणि शासकीय यंत्रणा. २०२१ च्या मार्सेय अधिवेशनात, म्हणजे सदस्यांच्या दर चार वर्षांनी भरणाऱ्या सभेत, प्रांतिक व तत्सम स्थानिक शासनांनाही इथे दार उघडण्याचे ठरले. ‘ब’ वर्गात राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था. ‘क’ वर्ग आदिवासी समूहांच्या संघटनांचा; तो २०१६ मध्ये हवाई येथील अधिवेशनात निर्माण झाला, तोवर या संघटनांना स्वयंसेवी संस्था म्हणूनच यावे लागे. ‘ड’ वर्गातले संलग्न सदस्य सभेला येतात, बोलतात. मत देऊ शकत नाहीत. व्यक्तीला या चारही वर्गांत जागा नाही. मानद सदस्यत्व हा अपवाद, आणि तो नावाप्रमाणे मानाचाच.

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ‘अ वर्ग’, ‘ब वर्ग’ सभासद ही भाषा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पण सहकारात एका सभासदाला एकच मत असते, तसे इथे नाही. राष्ट्र-सदस्याला तीन मते असतात. त्यांपैकी एक त्या देशातील सदस्य शासकीय यंत्रणांनी मिळून वापरायचे. देश स्वतः सदस्य नसेल, तर तिथल्या यंत्रणांना एकत्रितपणे एकच मत. राष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेला एक, आंतरराष्ट्रीय संस्थेला दोन, आदिवासी संघटनेला एक. भारत १९६९ पासून राष्ट्र-सदस्य आहे आणि त्याच वर्षी संघाची दहावी सर्वसाधारण सभा नवी दिल्लीत भरली होती.

खरी मेख मोजणीत आहे. सगळी मते एका पेटीत पडत नाहीत. ‘अ’ वर्गाची मते वेगळी, ‘ब’ व ‘क’ वर्गांची मिळून वेगळी मोजतात, आणि दोन्हीकडे साधे बहुमत मिळाले तरच ठराव मंजूर. समजा, माळरानांतून जाणाऱ्या वीजवाहिन्यांविषयी एक ठराव आला. स्वयंसेवी संस्थांच्या बाजूला ५०० विरुद्ध २० असा कौल पडला आणि सरकारांच्या बाजूला ६० विरुद्ध ६१, तर ठराव पडला. उलट, सगळी सरकारे एका बाजूला झाली तरी संस्थांना डावलून त्यांना काही मंजूर करून घेता येत नाही. तटस्थ राहिलेली मते मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे ज्या सरकारला उघड विरोध नको असतो त्याला तटस्थतेची पळवाट सोयीची पडते. घटना बदलायची तर दोन्हीकडे दोनतृतीयांश मते लागतात. कोणत्याही राष्ट्राला नकाराधिकार नाही.

सोलापुरातील एखाद्या निसर्गप्रेमी मंडळाला सदस्य व्हायचे असेल तर? संस्था नोंदणी अधिनियम आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, धर्मादाय कार्यालयात वेळेवर दाखल झालेले चेंज रिपोर्ट, लेखापरीक्षित हिशोब, एवढी कागदपत्रे चोख असलेल्या मंडळाला अर्जाची धास्ती बाळगायचे कारण नाही. संघ जवळपास हेच विचारतो : संस्था किमान तीन वर्षे चालू आहे का, नफ्यासाठी आहे का, निसर्गरक्षणाच्या कामाची ठोस नोंद आहे का, कारभार स्वतंत्र आणि पारदर्शक आहे का, संघाची उद्दिष्टे मान्य आहेत का. अर्ज महासंचालकांकडे जातो, आधीच्या सदस्यांची शिफारसपत्रे लागतात, आलेल्या अर्जांची माहिती सर्व सदस्यांना कळवतात आणि हरकतीसाठी मुदत देतात. निर्णय परिषद, म्हणजे दोन अधिवेशनांमधल्या काळात कारभार पाहणारे मंडळ, घेते. राष्ट्राला मात्र एवढी दारे ठोठवावी लागत नाहीत; घटना मान्य असल्याचे कळवले आणि पहिली वर्गणी भरली की ते सदस्य. अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीनच आहेत. मराठीत उत्तम काम करणाऱ्या लहान मंडळांची अडचण नियमांपेक्षा इथेच जास्त होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वर्गणी सर्वांना सारखी नाही. राष्ट्रांची वर्गणी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीचे प्रमाण पाहून गटवार ठरते. स्वयंसेवी संस्थांची त्यांच्या वार्षिक खर्चानुसार. वर्षभराची थकबाकी झाली की निवडणूक, मतदान आणि ठराव मांडणे हे तिन्ही हक्क आपोआप गोठतात. त्यासाठी कुणी नोटीस काढावी लागत नाही. दोन वर्षांची थकबाकी झाल्यावर प्रकरण अधिवेशनापुढे जाते आणि उरलेले हक्कही काढून घेता येतात. संघाच्या उद्दिष्टांच्या विरुद्ध सातत्याने वागणाऱ्या सदस्याला निलंबित करण्याची किंवा काढून टाकण्याची तरतूद आहे. स्वतःहून बाहेर पडायला महासंचालकांना लेखी कळवले की पुरते.

सर्वोच्च सत्ता ‘जागतिक संवर्धन अधिवेशना’कडे आहे. हे नाव १९९६ च्या माँट्रियल अधिवेशनापासून आले; त्याआधी सर्वसाधारण सभा म्हणत. अधिवेशन दर चार वर्षांनी भरते. महासाथीमुळे २०२० चे मार्सेय अधिवेशन २०२१ वर गेले. त्यानंतरचे ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत झाले. एकट्या सदस्याला ठराव मांडता येत नाही, सहप्रस्तावक जमवावे लागतात. २०१६ पासून बहुतेक ठरावांवर आधी ऑनलाइन चर्चा आणि मतदान होते. वादाचे तेवढे सभागृहात येतात. २०१६ चा देशांतर्गत हस्तिदंत बाजार बंद करण्याचा ठराव असाच गाजला. जपान आणि नामिबिया यांनी विरोध केला, तरी तो मंजूर झाला. पण मंजूर झाला म्हणजे कोणत्या देशावर बंधनकारक झाला असे नव्हे. संघाचे ठराव आवाहनवजा असतात. त्यांचे वजन पुढे कळते : १९६३ च्या एका ठरावातून सुरू झालेली हालचाल १९७३ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारापर्यंत, म्हणजे साइट्सपर्यंत पोहोचली.

दोन अधिवेशनांमधल्या काळात कारभार परिषद पाहते. तिच्यात अध्यक्ष, खजिनदार, आयोगांचे अध्यक्ष आणि घटनेने आखलेल्या आठ प्रदेशांतून निवडून आलेले प्रतिनिधी असतात. भारत दक्षिण व पूर्व आशिया या प्रदेशात मोडतो. महासंचालकाची नेमणूक परिषद करते. अध्यक्षपद दोन भारतीयांनी भूषवले : एम. एस. स्वामिनाथन (१९८४–९०) आणि अशोक खोसला (२००८–१२). एखाद्या देशातील सदस्य एकत्र येऊन राष्ट्रीय समिती स्थापू शकतात. परिषदेने मान्यता दिली की तिला अधिकृत स्थान मिळते.

आता व्यक्तींचा प्रश्न. ‘सोलापूरचे अमुक आययूसीएनचे सदस्य’ अशी बातमी कधी छापून आली, तर ते बहुधा संघाचे नव्हे, एखाद्या आयोगाचे सदस्य असतात. संघाचे सात आयोग आहेत : जीवजातींचे अस्तित्व, संरक्षित क्षेत्रे, पर्यावरण कायदा, परिसंस्था व्यवस्थापन, शिक्षण व संवाद, पर्यावरण-अर्थ-समाजधोरण, आणि २०२१ मध्ये भर पडलेला हवामान संकट आयोग. आयोगाचा अध्यक्ष अधिवेशनात निवडला जातो आणि तज्ज्ञांना निमंत्रण देतो. हे तज्ज्ञ बिनपगारी असतात, वर्गणी भरत नाहीत, आणि नव्या कार्यकाळासाठी त्यांची पुन्हा नेमणूक करावी लागते. जीवजाती आयोग सर्वांत मोठा. त्याचे सदस्य दहा हजारांवर आहेत आणि त्याच्या विशेषज्ञ गटांत माळढोक-कुळातील पक्ष्यांचाही एक गट आहे. या माणसांना अधिवेशनात मत नाही. मताचा हक्क असलेल्या संस्थांना लाल यादीतला वर्ग ठरवता येत नाही. ही फारकत मुद्दाम केलेली आहे, आणि ती नसती तर यादीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

कारण लाल यादी मतांनी ठरत नाही, आकड्यांनी ठरते. १९६४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तज्ज्ञांच्या अंदाजाला मोठे स्थान होते. १९९४ मध्ये संख्यात्मक निकष आले आणि २००१ च्या सुधारणेनंतर ते आजच्या रूपात स्थिरावले. अतिसंकटग्रस्त ठरण्यासाठी पाच निकषांपैकी एक पुरा झाला तरी चालतो. प्रजननक्षम प्राणी ५० पेक्षा कमी असणे हा त्यांतला एक. २५० पेक्षा कमी असून संख्या घटत असणे, ठरावीक उपअटींसह, हा दुसरा. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, ८० टक्के किंवा अधिक घट हा आणखी एक. माळढोकाची मादी वर्षाला साधारण एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. संख्या एकदा घसरली की भरून यायला पिढ्या जातात. पक्ष्यांच्या मूल्यमापनाची जबाबदारी बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षिसंवर्धनाच्या जागतिक संस्थेकडे आहे. मूल्यमापन साऱ्या जगातल्या संख्येवर होते, जिल्ह्याच्या नव्हे. त्यामुळे नान्नजचा माळ रिकामा झाला तरी जैसलमेरचे पक्षी जोवर आहेत तोवर यादीत ‘नामशेष’ लिहिले जाणार नाही.

यादीत नाव चढल्याने जमिनीवर कायदा लागू होत नाही, हे सोलापूर जिल्ह्यात वेगळे सांगायला हवे. नान्नजच्या अभयारण्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते आणि शहरांचे भागही आले. जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांमुळे शेतकऱ्यांची नाराजी वाढली, आणि पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तो रोष अनेकदा ‘परदेशी यादी’वर निघाला. पण बंधने आली ती १९७२ च्या भारतीय वन्यजीव (संरक्षण) कायद्यातून. माळढोक त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. क्षेत्र घटवण्याची प्रक्रियाही भारतातच पार पडली. ग्लाँच्या कार्यालयाला यांतले काहीच करता आले नसते.

यादीतला वर्ग मान्य नसेल तर त्यावर अर्ज करता येतो, आणि त्यासाठी संघाचा सदस्य असण्याची अट नाही. आधी मूल्यमापन करणाऱ्यांशी बोलून मतभेद मिटवायचा. न मिटल्यास प्रकरण मानके व अर्ज समितीकडे जाते. अर्जात निकषांच्या आधारेच बोलावे लागते. अमुक वर्गामुळे प्रकल्प अडला किंवा जमिनीचा भाव पडला, अशी कारणे तिथे ग्राह्य नाहीत. उपयोगी पडतात ती वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घेतलेल्या गणनांची, तपासता येतील अशी टिपणे.