नव्या वकिलाला स्वतंत्र वकिली करता येत नाही?
सनद हाती आली तरी काही वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली काढल्याशिवाय स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करता येत नाही, हा म्हापसा-मडगावकडे अजूनही ऐकू येणारा समज चुकीचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नोंदणीपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाची अट घातली होती खरी. पण १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात तिला आधार नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती रद्द केली. आज महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होणे पुरते. अर्थात मुभा वेगळी, तयारी वेगळी: वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी करण्याच्या न्यायालयीन कार्यवाहीसाठी, आलेल्या अशिलाने पिशवीतून पोर्तुगीज भाषेतला पिवळा पडलेला दस्त काढून टेबलावर ठेवला, की शेजारच्या ज्येष्ठांचे दार ठोठावावेच लागते.