कोअरची संख्या आणि एका कोअरचा वेग

नव्या संगणकाच्या माहितीपत्रकावर प्रोसेसरपुढे दोन आकडे हमखास छापलेले असतात, उदाहरणार्थ ‘८ कोअर’ आणि ‘४.५ गिगाहर्ट्झ’. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा घटक, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांची, म्हणजेच वारंवारतेची, अब्जांतली संख्या. दोन्ही वेगाचेच आकडे आहेत असे समजून काही जण त्यांचा चक्क गुणाकार करतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका कोअरचा वेग म्हणजे एकच काम किती लवकर उरकते, तर कोअरची संख्या म्हणजे एकाच वेळी किती कामे चालू शकतात. पहिल्या गुणाचा फायदा जवळजवळ प्रत्येक कामाला होतो; दुसऱ्याचा फायदा मात्र कामाचे तुकडे पाडता येत असतील किंवा अनेक कामे एकदम चालू असतील तरच होतो.

अनेक कोअरचे प्रोसेसर घरगुती संगणकांत आले ते मुख्यतः एका कोअरचा वेग वाढवणे अवघड झाल्यामुळे. इंटेलचा पेंटियम ४ हा २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झची नियोजित आवृत्ती रद्द झाली. वारंवारता वाढवायची तर सहसा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे उष्णता आवरेनाशी होते. म्हणून २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. पुढच्याच वर्षी आलेल्या कोअर २ ड्युओने कमी गिगाहर्ट्झवर चालूनही पेंटियम ४ ला मागे टाकले, कारण त्याचा प्रत्येक कोअर दर आवर्तनात अधिक काम करत होता. वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना नुसत्या गिगाहर्ट्झवरून करू नये, ती याचसाठी.

आता मुख्य प्रश्न असा की, कोअर दुप्पट केले तर काम निम्म्या वेळात होते का? संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादातून याचे नेमके उत्तर मिळते. समजा, एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटून देता येतो आणि १० टक्के भाग क्रमानेच करावा लागतो. असे काम ४ कोअरवर सुमारे ३.१ पट, ८ कोअरवर ४.७ पट आणि १६ कोअरवर ६.४ पट वेगाने होते. कोअर कितीही वाढवले तरी दहापटीची मर्यादा ओलांडता येत नाही. वाटता येणारा भाग निम्माच असेल, तर ८ कोअर घेऊनही वेग दुपटीला पोहोचत नाही.

आपले काम यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे सध्याच्याच संगणकावर पाहता येते आणि खरेदीपूर्वी ते पाहावेच, असा माझा आग्रह आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा (म्हणजे विंडोज ज्याला स्वतंत्र कोअर मानते त्याचा) वेगळा आलेख उघडावा आणि नेहमी ताटकळत ठेवणारे काम सुरू करावे. सगळे आलेख एकदम वर चढले, तर जास्त कोअरचा उपयोग होईल. याउलट १६ आलेख असलेल्या यंत्रावर एकूण वापर सहा-सात टक्क्यांवरच रेंगाळला आणि तरीही काम अडून राहिले, तर बहुधा एकच कोअर राबतो आहे आणि बाकीचे रिकामे आहेत. मात्र विंडोज काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत असल्यामुळे एखादा आलेख सतत शंभरावर दिसेलच असे नाही. वापर कमी असण्याचे कारण अपुरी रॅम किंवा संथ डिस्क हेही असू शकते, आणि तसे असेल तर प्रोसेसर बदलून काहीच साधत नाही.

व्हिडिओचे रूपांतर, त्रिमितीय आराखड्यांपासून चित्रे तयार करणे (रेंडरिंग) आणि मोठ्या प्रोग्रामचे संकलन (कंपाइलिंग) ही कामे उत्तम वाटली जातात. लेखन, ब्राउझिंग आणि पुष्कळसे खेळ यांना काही कोअर लागतात, पण त्यापुढे एका कोअरचा वेगच अधिक जाणवतो.

माहितीपत्रकावरचा थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामाच्या धाग्यांचा, आकडा कोअरचा समजू नये. इंटेलच्या हायपर-थ्रेडिंग या तंत्रामुळे एक कोअर दोन थ्रेड हाताळतो, पण त्याचे गणनेचे घटक तेवढेच राहत असल्यामुळे काम दुप्पट होत नाही. शिवाय सगळे कोअर सारखे असतातच असेही नाही: इंटेलच्या २०२१ च्या आय९-१२९००के या प्रोसेसरमध्ये १६ कोअर आहेत, पण त्यांतले ८ वेगवान आणि ८ कमी विजेवर चालणारे आहेत.

आज एकाच कोअरचा नवा संगणक सहसा मिळतच नाही, त्यामुळे प्रश्न उरतो तो किती कोअर घ्यावेत एवढाच. सर्वसाधारण वापरासाठी सहा ते आठ चांगले कोअर मला पुरेसे वाटतात. त्यापुढचा पैसा नव्या पिढीच्या प्रोसेसरवर, रॅमवर आणि एसएसडीवर खर्च करावा. रोजचे काम तासन्‌तास रेंडरिंगचे असेल तर मात्र कोअर वाढवण्यात हात आखडता घेऊ नये. लॅपटॉप घेताना थोडी अधिक सावधगिरी हवी, कारण छापलेला कमाल वेग बहुधा एक-दोन कोअरवर आणि थोडाच वेळ टिकतो. सगळे कोअर एकदम कामाला लागले की उष्णतेमुळे तो खाली येतो. सिनेबेंच किंवा गीकबेंचसारख्या चाचण्यांमध्ये एका कोअरचे आणि सर्व कोअरचे गुण वेगवेगळे मिळतात, आणि ते त्याच मॉडेलच्या लॅपटॉपवर मोजलेले असतील तरच धरावेत.