पाणी शोधणाऱ्या मुळाची बाहुली

म्युझियममध्ये काचेमागे 'कचिना डॉल' म्हणून जी रंगीत लाकडी बाहुली उभी दिसते ना, ती मुळात उभी करायची वस्तूच नाही, होपी या मूळ अमेरिकन जमातीच्या घरात ती दोरीने भिंतीला नाहीतर आढ्याला टांगतात. आणि होपी भाषेत 'च' नाहीच, शब्द आहे कत्सिना, तोही बाहुलीचा नाही, ती ज्या आत्म्याचं रूप आहे त्याचा. बाहुली म्हणजे तिहू.

होपी राहतात अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या ईशान्येला, तीन उंच सपाट टेकाडांवर. वर्षाचा पाऊस जेमतेम 250 मिलिमीटर, आपल्या दुष्काळी तालुक्यांतही याहून जास्त पडतो. तरी हे लोक पाट-कालव्याशिवाय मका घेतात. बी वीतभर किंवा त्याहून खोल पेरतात, कारण ओल तिथेच टिकते, आणि त्यांच्या मक्याचा कोंब एवढ्या खोलातून वर येण्याइतका लांब वाढतो, साधा मका मातीतच दमेल.

आता लाकूड बघा. तिहू कोरतात ती कॉटनवुडच्या वाळलेल्या मुळापासून. हे झाड ओढ्याकाठचं, मुळं पाण्यामागे धावणारी, आणि कत्सिनांकडे मागायचं काय तर पाऊस! लाकूड म्हणूनही ते झकास आहे, हलकं, मऊ, एकसारखं, कोरताना सहसा चिरत नाही. आधी पांढऱ्या चिकणमातीचा हात द्यायचा, मग लाल रंग लोहाच्या मातीचा, हिरवा-निळा तांब्याच्या खनिजाचा, काळा काजळीचा, हल्ली अर्थात अ‍ॅक्रिलिकही चालतो.

कोरतात पुरुष, मिळते मुलींना, पण हातात देतो तो कत्सिनाचा मुखवटा घातलेला नाचणारा. फेब्रुवारीच्या पोवामुया सणात, बाहेर कडाक्याची थंडी असताना, किवा नावाच्या जमिनीखालच्या खोलीत शेकोटीच्या उबेवर घेवड्याला कोंब आणतात, आणि बाहुलीबरोबर ते हिरवे कोंबही वाटतात. तान्ह्या मुलीला चपटी, पाटीसारखी बाहुली, मोठीला हातपाय असलेली. शेकडो कत्सिना आहेत, ढगाचे, मक्याचे, प्राण्यांचे, मुलगी रोज बघून बघूनच ते ओळखायला शिकते. त्यामुळे याला खेळणं म्हणणं मला तरी पटत नाही, आणि मूर्ती म्हणावं तर तिची पूजाही होत नाही.

जुलैत नीमान सण होतो आणि कत्सिना फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर आपल्या घरी परततात. अ‍ॅरिझोनाचा मॉन्सूनही साधारण तेव्हाच सुरू होतो, दुपारी ढग आधी त्याच शिखरांवर जमताना दिसतात.