खोटं ऑफिस, खरे मार्क

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की मॉक इंटरव्ह्यू घ्यायला आता माणूस शोधावा लागत नाही. लॅपटॉपवर एआय हजर असतं. तेच कधी चिडलेलं गिऱ्हाईक होतं, कधी घाईतला साहेब, कधी काम ढकलणारा सहकारी. पोरं बोलतात, निर्णय घेतात आणि शेवटी पडद्यावर गुण उमटतात: संवादकौशल्य इतकं, निर्णयक्षमता इतकी. सरावापुरतं हे ठीकच होतं. पण त्या गुणांवरून ‘हा नोकरीला तयार, ही अजून कच्ची’ असं ठरू लागलं, की हा प्रकार मुळात आला कुठून ते पाहावं लागतं.

बडोदेकराला याची सुरुवात कलाभवन या तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेपासूनच करावी लागते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते उघडलं आणि सूत्रं दिली रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती. कारखान्यात पाऊल टाकण्याआधी हाताला कामाची सवय हवी, हा त्यामागचा हिशेब. दादासाहेब फाळके इथेच शिकले. १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली ती गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांमुळे. कापड रंगवण्याच्या कामात पारख सोपी असते. कापड धुतलं, रंग टिकला, तर काम जमलं. विटला तर परीक्षकाशी वाद घालून उपयोग नाही.

माणसांशी वागण्याच्या कामाला अशी धुलाई नसते. अडचण तिथेच आहे, आणि ती एआयच्या फार आधीची आहे.

यंत्र चालवण्याची नक्कल त्या मानाने लवकर साधली. अमेरिकेत एडविन लिंकने १९२९ मध्ये जमिनीवरचं खोटं विमान बनवलं. १९३४ मध्ये टपाल नेताना लष्कराचे वैमानिक अपघातांत दगावले, तेव्हा लष्कराला त्याची किंमत कळली. थ्री माइल आयलंडच्या १९७९ च्या अणुभट्टी अपघातानंतर नियंत्रण कक्षाची हुबेहूब नक्कल करून सराव घेणं अमेरिकेत सक्तीचं झालं. रेल्वेवाल्यांना तर यात नवल वाटायचं कारणच नाही. बडोद्याच्या लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी घडवले जातात, आणि टेबलावर छोटे रूळ मांडून, सिग्नल पाडून गाडी स्टेशनात घ्यायला शिकवणारी मॉडेल रूम हा रेल्वे प्रशिक्षणाचा जुनाच भाग आहे. चुकलं तर खेळण्यातली गाडी घसरते.

माणसं पारखण्याची पद्धत लष्करातून आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९४२ मध्ये अधिकारी निवडीसाठी मंडळं नेमली. चारदोन फळ्या आणि एक दोरखंड द्यायचा, गटाला ओढा ओलांडायला सांगायचं आणि कोण कसं वागतं ते बघत बसायचं. आपल्याकडे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत आजही हेच चालतं.

पुढे पन्नाशीच्या दशकात ‘इन-बास्केट’ नावाचा परीक्षेचा प्रकार आला, आणि आजच्या एआय सिम्युलेशनचा खरा पूर्वज मला तोच वाटतो. उमेदवाराला सांगायचं, तुझ्या जागेवरचा अधिकारी अचानक गेला, हा त्याचा ट्रे. ट्रेमध्ये एक तक्रारअर्ज, वरिष्ठांचे दोन परस्परविरोधी आदेश, रजेची चिठ्ठी, उद्याच्या बैठकीचं निमंत्रण आणि तळाशी दडलेला एक खरा तातडीचा कागद. फोन करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. ठरलेल्या वेळेत प्रत्येक कागदावर शेरा मारायचा.

एटी अँड टी कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ पासून तरुण व्यवस्थापकांना अशाच परीक्षांतून नेलं. पण निकाल त्यांनी कंपनीला दाखवलेच नाहीत. आठ वर्षांनी कोण किती वर चढलं ते पाहून जुने अंदाज पडताळले. साहेबांना गुण आधीच कळले असते तर त्यांनी बढत्याच त्या गुणांवर दिल्या असत्या आणि परीक्षा आपोआप खरी ठरली असती. इतका संयम आज एआय चाचण्या विकणारी कुठली कंपनी दाखवेल?

वैद्यकीय शिक्षणात हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये धडधाकट माणसाला रुग्णाचं सोंग शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं. रोनाल्ड हार्डेन यांच्या १९७५ च्या ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक टेबलावर गुणांची यादी आधीच ठरलेली असे. हे सगळं उत्तम, पण खर्चिक. सोंग घेणारा माणूस हवा, निरीक्षक हवा, खोली हवी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि सोंग घेणारा जवळपास फुकटात मिळू लागला. बदल झाला तो एवढाच, पण तो लहान नाही. चिडलेलं गिऱ्हाईक आता रात्री अकरालाही भांडायला तयार असतं, दहाव्यांदाही कंटाळत नाही. लाजऱ्या पोरांना याचा फायदा नक्कीच होतो.

निरीक्षक मात्र स्वस्तात मिळालेला नाही. हायरव्ह्यू ही कंपनी व्हिडिओ मुलाखतीत उमेदवाराच्या चेहऱ्याचंही विश्लेषण करायची. टीका झाल्यावर ते बंद केल्याचं तिने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातली मुलगी घरी मराठी बोलते, दुकानदाराशी गुजरातीत घासाघीस करते आणि मुलाखत इंग्रजीत देते. मधे क्षणभर थांबून ती वाक्य जुळवते, तेव्हा यंत्र त्याला विचार समजतं की गोंधळ? फळीवरून ओढा ओलांडताना निदान हा प्रश्न नव्हता.

युरोपीय महासंघाच्या २०२४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांचं मूल्यमापन आणि नोकरभरती करणाऱ्या एआयला जास्त जोखमीच्या यादीत टाकलं. शिक्षणसंस्थांत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, काही अपवाद सोडून, फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच आहे. आपला २०२३ चा कायदा वैयक्तिक माहिती कशी हाताळावी ते सांगतो. गुण कसे द्यावेत याला तो हात घालत नाही. म्हणजे ते कॉलेजलाच ठरवावं लागणार. माझं मत विचाराल तर सरावासाठी ही यंत्रणा खुशाल वापरावी, पण पहिल्या दोन तुकड्यांचे गुण कंपन्यांना न दाखवता कुलुपात ठेवावेत आणि ती मुलं दोन-तीन वर्षं नोकरी करून झाल्यावरच ताळा करावा.