'पसंती' अपमानकारक कशी ठरली?

१३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या एका महिला न्यायाधीशांची सुनावणी सुरू होती. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विषय निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या की 'सेक्शुअल प्रेफरन्स'वरून, म्हणजे लैंगिक पसंतीवरून, मी कधी भेदभाव केलेला नाही आणि करणारही नाही. आश्वासन म्हणून वाक्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. काही वेळाने समितीतल्या एका सदस्येने मात्र त्यातला 'प्रेफरन्स' एवढाच शब्द धरला. हा शब्द जुनाट आणि अपमानकारक आहे, लैंगिक कल ही निवडीची बाब आहे असे भासवण्यासाठी विरोधक तो वापरतात, असे त्यांनी सुनावले. आपला कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता, असे सांगून न्यायाधीशांनी त्याच दिवशी माफी मागितली.

प्रकरण एवढ्यावर संपले नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या शब्दकोशाच्या ऑनलाइन आवृत्तीत 'प्रेफरन्स'च्या त्या अर्थापुढे 'अपमानकारक' असा शेरा झळकला. सप्टेंबरच्या अखेरीस जतन झालेल्या त्याच पानाच्या प्रतीत तो नव्हता. कोश राजकारणासाठी वाकवला, असा गहजब झाला. एखाद्या शब्दाकडे अचानक लोकांचे लक्ष वळले की आधीपासून तयार असलेली दुरुस्ती ठरल्या वेळेच्या आधी प्रसिद्ध केली जाते, असे कोशाच्या संपादकांचे उत्तर होते. टीकाकारांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आणि ती खरीच होती. आक्षेप घेणाऱ्या सदस्येच्या पक्षाच्याच बड्या नेत्यांनी, अगदी त्याच वर्षीसुद्धा, हा शब्द सहज वापरला होता.

शेऱ्याची वेळ खटकण्यासारखी होती, हे मान्य करावे लागते. शेरा चुकीचा होता असे मात्र त्यातून ठरत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

शिवी म्हणूनच वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे फार स्पष्टीकरण लागत नाही. ते कोणत्या आवाजात म्हटले जातात हे ऐकले की पुरे. गुंता होतो तो सभ्य शब्दांचा. 'होमोसेक्शुअल', म्हणजे समलिंगी, हा शब्दच घ्या. तो १८६९ मध्ये जर्मन भाषेतल्या एका निनावी पत्रकात पहिल्यांदा छापला गेला. पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा ठरवणाऱ्या प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या कायद्याविरुद्ध ते पत्रक होते, म्हणजे शब्द घडवणारा माणूस या लोकांच्या बाजूचा होता. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन असा तो जोडशब्द पुढे डॉक्टरांच्या हाती गेला. १८९० च्या दशकात तो इंग्रजीत आला तोच लैंगिक विकृतींवरच्या एका वैद्यकीय ग्रंथाच्या भाषांतरातून. पुढची ऐंशी वर्षे तो निदान म्हणून वापरला गेला. १९५२ च्या अमेरिकन मनोविकारांच्या यादीत त्याची जागा समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या सदरात होती. डिसेंबर १९७३ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते निदान काढून टाकले. त्यावर १९७४ मध्ये सभासदांचे मतदान घ्यावे लागले आणि ५८ टक्क्यांनी निर्णय टिकला. आजार आहे की नाही हे मत मोजून ठरवले, हा टोमणा अजूनही मारला जातो. आधी निर्णय झाला आणि तो उलटवण्यासाठी मतदान मागितले गेले, हा क्रम टोमणा मारणारे सांगत नाहीत. जागतिक पातळीवरच्या आजारांच्या यादीतून ही नोंद जायला १७ मे १९९० उजाडले.

म्हणून इंग्रजीत 'होमोसेक्शुअल' हे विशेषण आज कोरडे वाटते आणि 'अ होमोसेक्शुअल' हे नाम बोचते. केस-पेपरचा वास त्याला अजून येतो. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वृत्तपत्राने 'गे' हा शब्द बातमीत वापरायला परवानगी दिली ती थेट १९८७ मध्ये, आणि तीही बऱ्याच आग्रहानंतर.

आता 'प्रेफरन्स'. हा शब्द विरोधकांनी आणलेला नाही. सत्तरच्या दशकात तो समलिंगी हक्कांच्या चळवळीचाच होता आणि त्या काळात तो सौम्य, सन्मानाचा वाटायचा. आधीचे पर्याय काय होते? 'विचलन', 'विकृती', 'अनैसर्गिक'. त्यांच्याशेजारी 'पसंती' ठेवून पाहिली की तिच्यामुळे किती सुटल्यासारखे वाटले असेल ते कळते. फ्लोरिडातल्या डेड काउंटीने जानेवारी १९७७ मध्ये भेदभावाविरुद्ध नियम केला, त्याच्या मजकुरातच 'अफेक्शनल ऑर सेक्शुअल प्रेफरन्स' (प्रेमाची वा लैंगिक पसंती) असे शब्द होते. पण तो नियम उलटवण्यासाठी जी मोहीम उभी राहिली तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. हे लोक जन्मतः असे नसतात, तर मुलांना आपल्यात ओढून संख्या वाढवतात, असा तिचा दावा होता. जून १९७७ मध्ये दोनतृतीयांशांहून जास्त मतदारांनी नियम रद्द केला. नियमातला 'पसंती' हा शब्द आणि मोहिमेतली 'भरती'ची भीती एकमेकांना किती सोयीची होती, हे तेव्हा चळवळीच्या लक्षात यायला लागले. निवडलेली गोष्ट बदलता येते, आणि जी बदलता येते तिला कायद्याचे संरक्षण कशाला, असा तो युक्तिवाद.

अमेरिकन कायद्यात तर याला नेमके वजन आहे. एखादा गुण बदलता न येणारा आहे का, हा प्रश्न तिथली न्यायालये समतेच्या खटल्यांत विचारत आली आहेत. 'प्रेफरन्स' म्हटले की तो प्रश्न विचारण्याआधीच विरुद्ध बाजूने सुटतो.

तरीही शब्द एका रात्रीत बदलला नाही. विस्कॉन्सिन राज्याने १९८२ मध्ये अमेरिकेतला पहिला राज्यव्यापी संरक्षण कायदा केला. त्यात 'सेक्शुअल ओरिएंटेशन' (लैंगिक कल) हा नवा शब्द घेतला, पण व्याख्या करताना लिहिले: विषमलिंगी, समलिंगी वा उभयलिंगी आकर्षणाची 'प्रेफरन्स' असणे. नव्या शब्दाचा अर्थ जुन्या शब्दाने सांगितला! त्याच्या एक वर्ष आधी सुमारे दीड हजार लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आईवडिलांच्या वागण्यातून मूल समलिंगी होते या समजुतीला आधार सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या शीर्षकात मात्र 'प्रेफरन्स'च होते. अभ्यास जे खोडून काढत होता, त्याचीच सावली नावात राहिली. १९९१ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका समितीने 'प्रेफरन्स' टाळा, 'ओरिएंटेशन' वापरा, अशी लेखी शिफारस केली. सिनेटमधल्या त्या दिवसाच्या एकोणतीस वर्षे आधी! शेरा सिनेटमधल्या भांडणातूनच जन्मला असे म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात घ्यायला हवे.

समुदायाच्या आतूनही एक हरकत येते आणि ती मला महत्त्वाची वाटते. निवड नाही म्हणून हक्क द्या, हा पाया काहींना कमकुवत वाटतो. समजा कोणी निवडलेच असेल, तर त्याचे हक्क कमी होतात का? धर्म बदलता येतो, तरी त्याला संरक्षण आहेच. दोन्हींकडे ओढ असणाऱ्यांना तर 'तुम्ही निवडू शकता' हे वाक्य वेगळ्याच तऱ्हेने ऐकावे लागते. या बाजूचे लोक शब्दावर रागावण्यापेक्षा युक्तिवादावर बोला म्हणतात. 'क्विअर' या, मुळात 'विचित्र' अशा अर्थाच्या शिवीचे उदाहरण याच वळणाचे आहे. जून १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या प्राइड मिरवणुकीत वाटलेल्या एका पत्रकाने ती शिवीच नाव म्हणून उचलली. मार खाताना तो शब्द ऐकलेल्या पिढीतल्या काहींना ते आजही पचलेले नाही. त्यांना समजावत बसू नये, त्यांच्यापुरता तो शब्द टाळावा, असे माझे मत आहे.

मराठीत हा वाद जसाच्या तसा येत नाही, पण भाषांतर करताना हात अडखळतो तो इथेच. 'लैंगिक पसंती' लिहिले की चार गोष्टी समोर मांडल्या आहेत आणि त्यातली एक उचलायची आहे, असे चित्र उभे राहते. 'आवड'चेही तेच. 'प्रवृत्ती'ला गुन्हेगारी बातम्यांनी बिघडवले आहे. 'अभिमुखता' अचूक आहे, पण तोंडी बसत नाही. आई मुलाबद्दल बोलताना तो शब्द उच्चारेल, असे वाटत नाही. उरतो 'कल', आणि बहुतेक लिहिणारे तोच घेतात. मीही घेते. त्यात आपोआप झुकणे आहे, मुद्दाम निवडणे नाही. पाणी उताराकडे जाते तसे. पण मतमोजणीच्या दिवशी हाच 'कल' तासातासाला बदलतो, आणि 'जरा त्यांच्या कलाने घ्या' म्हणताना तो लहर या अर्थाच्या अगदी जवळ जातो. 'ओढा' हा शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात माणूस ओढला जातो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात तो अजून फारसा दिसत नाही.